उजव्या बाजूचे आठ फूट

आमच्या गाडीला दोन जागा लागतात. एक तिला स्वतःला उभं राहायला आणि दुसरी तिच्या दाराला. पहिली बहुतेक ठिकाणी मिळते. दुसरीच्या शोधात आमचे दिवस आखले जातात.

गाडी टोयोटा सिएना, न्यू जर्सीतल्या देशी घरांपुढे हमखास दिसते तीच. फक्त कारखान्यातून निघाल्यावर आमची गाडी आणखी एका वर्कशॉपमधून गेलेली आहे. तिथे तिचा तळ कापून जवळजवळ फूटभर खाली घेतला, मधल्या रांगेतल्या सीटा काढल्या आणि उजव्या सरकत्या दाराला घडीचा रॅम्प बसवला. बटण दाबलं की दार सरकतं, गाडी मागून किंचित खाली बसते आणि रॅम्प उलगडून जमिनीला टेकतो. माझा नवरा मोटरची व्हीलचेअर त्यावरून आत नेतो. ड्रायव्हरची सीट मागे सरकून त्याच्याकडे वळते, तो तिच्यावर सरकतो आणि हाताने चालणाऱ्या ब्रेक-ॲक्सिलरेटरवर गाडी चालवत कामाला जातो. एकटा. रॅम्पचं टोक गाडीपासून साधारण पाच फुटांवर येतं. तिथून खुर्ची उतरवून वळवायला आणखी तीन फूट. असे उजवीकडे आठ फूट मोकळे हवेत. सहा असले तर रॅम्प उघडतो खरा, पण माणूस रॅम्पच्या टोकाशी, शेजारच्या गाडीच्या दाराला गुडघे टेकवून अडकून बसतो.

पूर्वी एवढं लागत नव्हतं. अपघातानंतरची बरीच वर्षं त्याने साधी सेडान चालवली. दार पूर्ण उघडेल एवढी जागा असली की हातांच्या जोरावर तो खुर्चीतून सीटवर जायचा, खुर्चीची चाकं काढायचा, सांगाडा छातीवरून शेजारच्या सीटवर टाकायचा आणि निघायचा. बघणाऱ्यांना तो कसरतीचा प्रयोग वाटायचा. पण कण्याला इजा झालेल्या माणसाचे खांदेच त्याचे पाय असतात, आणि पायांसाठी बनलेलं काम रोज केलं की ते झिजतात. जुन्या व्हीलचेअरवाल्यांच्या गप्पा शेवटी खांद्यांवर येतात, तशा आमच्याही आल्या. हाताने ढकलायची खुर्ची गेली, मोटरची आली. ती घडी होत नाही, उचलली जात नाही. बॅटऱ्यांसकट दीडशे किलोच्या घरात जाते. तिच्यासाठी व्हॅन घेतली आणि व्हॅनसाठी जागा शोधणं सुरू झालं. खांदे थोडे थकले, तेवढ्यावर जगाकडे मागायची जागा तीन फुटांवरून आठ फुटांवर गेली.

अमेरिकेत याला कायदा आहे आणि तो भलताच तपशीलवार आहे. अपंगांसाठीच्या साध्या जागेशेजारी ५ फुटांचा पट्टेरी भाग सोडावा लागतो. व्हॅनसाठी दोन पर्याय दिलेत: जागा ८ फुटांची आणि पट्टे ८ फुटांचे, किंवा जागा ११ फुटांची आणि पट्टे ५ फुटांचे. बेरीज दोन्हीकडे १६ फूटच. जमिनीचा उतार ४८ ला १ पेक्षा जास्त चालत नाही, कारण कलत्या जमिनीवर रॅम्पही कलतो. उंच टपाच्या गाड्यांसाठी वर ९८ इंच मोकळे लागतात. पाटी जमिनीपासून निदान ६० इंच वर, म्हणजे समोर गाडी उभी असली तरी दिसेल अशी. हे सगळं इतक्या बारकाईने लिहिणारं कोणीतरी कधी काळी रॅम्पच्या टोकाशी अडकलेलं असणार, असं मला ते वाचताना वाटतं.

संख्येचा नियम मात्र कंजूष आहे. अपंगांसाठीच्या दर सहा जागांमागे एक व्हॅनची. १९९१च्या नियमांत ती आठांत एक होती. २०१०च्या नियमांनी सहांत एक केली आणि मार्च २०१२ पासून ते बंधनकारक झालं. सुधारणाच ती. पण हिशेब करून बघा. २५ गाड्यांच्या आवारात अपंगांसाठी एक जागा लागते, तीच व्हॅनची. १०० गाड्यांच्या आवारात अपंगांसाठी चार, त्यात व्हॅनची एक. २०० गाड्यांच्या आवारात सहा, आणि त्यातही व्हॅनची एकच. एवढ्या मोठ्या आवारात एकाच वेळी दोन व्हॅनवाले येणार नाहीत असं नियम धरून चालतो. आमच्या भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर मंगळवारी संध्याकाळी उभं राहून हे कोणीही तपासावं. (अशा ठिकाणांसाठी कायद्यानेच वेगळं, म्हणजे २० टक्क्यांचं प्रमाण ठरवलंय, तरीही.)

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे बाजू. आमचा रॅम्प उजवीकडे उघडतो. पट्टे जागेच्या डाव्या बाजूला असतील तर गाडी उलटी, रिव्हर्सने आत घालावी लागते. दोन जागांमध्ये एकच पट्टेरी भाग वाटून द्यायला कायद्याची परवानगी आहे, म्हणजे त्या जोडीतली एक जागा आमच्यासाठी नेहमीच उलटी. तिरप्या आखलेल्या रांगांमध्ये उलटं घुसताच येत नाही, तिथे पट्टे प्रवाशाच्या बाजूलाच हवेत असं नियम सांगतो. आखणाऱ्याला ते ठाऊक असतंच असं नाही.

हे पट्टे म्हणजेच सगळी गोष्ट आहे. निळ्या व्हीलचेअरचं चित्र असलेल्या जागेत आता सहसा कोणी घुसत नाही. न्यू जर्सीत तिथल्या पाटीवरच पहिल्या गुन्ह्याचे २५० डॉलर दंड म्हणून लिहिलेले असतात, आणि चित्रही सगळ्या जगाला ओळखीचं झालंय. १९६८ साली सुझॅन कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती, डोकं नंतर जोडलं गेलं. पट्ट्यांना मात्र असं चित्र नाही. ते रिकामे दिसतात, आणि मोकळी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. दुकानातून बाहेर पडलेला माणूस सामान गाडीत ठेवून मोकळी कार्ट पट्ट्यांवर सोडतो, ठेवायची जागाच ती असावी तशी. मोटरसायकलवाल्याला वाटतं, गाडीची जागा तर मी अडवली नाही. सामान पोचवणारा पिवळे दिवे लुकलुकवत थांबतो, आणि त्या दिव्यांचा अर्थ ‘मला माहीत आहे, पण’ एवढाच असतो. हिवाळ्यात बर्फ सारणारा प्लाऊ येतो. रात्री दोनला, कॉफीच्या जोरावर जागा असलेला तो माणूस सगळं आवार साफ करतो आणि बर्फाचा ढीग कुठे लावायचा या प्रश्नाला त्याला समोरच उत्तर दिसतं. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत अपंगांच्या जागा मोकळ्या करायच्या असं आमच्या राज्याचा कायदा म्हणतो. ढीग लागला की तो रात्रीत दगडासारखा गोठतो, आणि मग कायदा पाळायला थेट मार्चमधलं ऊनच यावं लागतं.

मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या लोकांत वाढले. रुमाल पडला की ती सीट रिकामी असूनही रिकामी राहत नसे; भांडणं व्हायची, पण बहुतेक लोक तो मानायचे. हे पट्टे म्हणजे सरकारने टाकलेला रुमालच. मग तो का मानला जात नाही, यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं, रुमालामागे धावत येणारा माणूस दिसायचा. धापा टाकत, पिशव्या सांभाळत तो दारातून आत यायचा आणि रुमाल उचलून बसायचा. पट्ट्यांचा मालक दिसत नाही. तो आत दाताच्या डॉक्टरकडे बसलेला असतो, आणि बाहेर त्याची जी गाडी उभी असते ती तुमच्या-माझ्या गाडीसारखीच असते.

जाताना जागा नसेल तर ते आधी कळतं. माणूस एक चक्कर मारतो, मागच्या रांगेत बघतो, नाहीतर चिडून घरी येतो. चिडचिड घरातल्या घरात राहते. परत येतानाची गोष्ट वेगळी. गाडी समोर आहे, किल्ली हातात आहे, दाराचं बटणही चालतंय, पण रॅम्प टेकायच्या जागी कोणाची तरी चांदीच्या रंगाची सेडान उभी आहे. बाहेर सहा वाजताच काळोख झालेला, थंडीने जॉयस्टिकवरचा हात बधिर. आत परत जायचं. रिसेप्शनवरच्या मुलीला नंबरप्लेट सांगायची. तिने ती मोठ्याने वाचायची. कोणी उठत नाही, कारण तो माणूस शेजारच्या दुकानात पिझ्झा न्यायला आलेला असतो. मग तिथेही जायचं; दाराला पायरी नसेल तर.

तो माणूस सापडतो तेव्हा फार शरमतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला इथे वाईट माणसं फारशी भेटलेली नाहीत. तो म्हणतो, दोनच मिनिटं होतो, खरंच लक्षात आलं नाही, माझ्या आजीचीसुद्धा व्हीलचेअर होती. नवरा म्हणतो, असू द्या, होतं असं. मग तो आजीबद्दल सांगू लागतो आणि नवरा थंडीत ऐकून घेतो. ही आमच्या आयुष्यातली एक न मोजली जाणारी मजुरी आहे: ज्याने अडवलं त्याला मोकळं करणं. रागावलं तर ‘हे लोक कडवट असतात’ असं घरी जाऊन सांगितलं जाईल, आणि पुढच्या व्हीलचेअरवाल्याच्या खात्यावर ते जमा होईल. म्हणून हसायचं. माझा नवरा हे माझ्यापेक्षा चांगलं करतो. मी असले तर तोंड फिरवते.

मी बरोबर असले तर सहसा हा प्रश्नच उरत नाही. मी गाडीत बसते, ती मागे घेऊन रांगेमधल्या रस्त्यावर उभी करते, तिथे रॅम्प टाकते, मागच्या दोन-चार गाड्या थांबतात, तो चढतो, आम्ही निघतो. दीड मिनिटाचं काम. ओळखीचे लोक म्हणतात, ‘अगं, मग तू जात जा ना त्याच्याबरोबर.’ सल्ला चुकीचा नाही. पण गाडीचा तळ कापून, एवढा खर्च करून जी गोष्ट विकत घेतली ती म्हणजे मी बरोबर नसणं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने एकट्याने बाहेर जावं आणि उशिरा यावं, यात माझाही स्वार्थ आहे हे लपवत नाही.

उपाय त्याने शोधून ठेवलेत. आवाराच्या अगदी टोकाला, जिथे कोणी गाडी लावत नाही, तिथे दोन साध्या जागांच्या मधल्या रेघेवर गाडी तिरपी लावायची, म्हणजे उजवीकडे आपोआप जागा राहते. तिथून दारापर्यंतचा रस्ता लांब, पण खुर्चीला मोटर आहे. धोका वेगळाच असतो: मागे घेणाऱ्या उंच गाड्यांच्या आरशात खुर्चीवरचा माणूस दिसत नाही. शिवाय वायपरखाली चिठ्ठ्या सापडतात. ‘दोन जागा अडवणारा शहाणा’ अशा अर्थाच्या. आमच्या पुढच्या आणि मागच्या नंबरप्लेटवर व्हीलचेअरचं चिन्ह आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते दिसलेलं नसतं, किंवा दिसलेलं असतं आणि तरी. काही व्हॅनवाले नारंगी शंकू बाळगतात आणि आपल्या पट्ट्यांवर ठेवून जातात. माझ्या नवऱ्याला शंकू आवडत नाही. रस्त्याचं काम चालू असल्यासारखं वाटतं म्हणतो. मी एक घेऊन डिकीत ठेवलाय. तो डिकीतच आहे.

न्यूयॉर्कला जायचं तर हे सगळं गणित उलटं. तिथे रस्त्याकडेला गाडी लावायची, म्हणजे रॅम्प फुटपाथवर टेकतो. फुटपाथ उंच असल्याने चढ कमी होतो, ही एक सोय. पण नेमकं तिथे झाड असतं, सायकलींचा स्टँड असतो, किंवा संध्याकाळी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची भिंत. एकेरी रस्त्याच्या डाव्या कडेला जागा मिळाली तर रॅम्प थेट वाहत्या गाड्यांत उघडतो. आम्ही आता ट्रेनने जातो.

निळ्या टॅगवाल्यांचा विषय नाजूक आहे, आणि व्हॅनवाल्यांच्या गप्पांत तो निघाला की मला अवघडतं. व्हॅनच्या एकुलत्या एका जागेत साधी छोटी गाडी उभी असते. आरशाला अपंगत्वाचा टॅग लटकतोय. गाडीतून एक बाई उतरतात, दोन पायांवर चालत दुकानात जातात. व्हॅनवाला बाहेर चडफडतो: हिला कशाला लागते ही जागा? पण त्या बाईंना कायद्याने तिथे गाडी लावायचा पूर्ण हक्क आहे. पाटी व्हॅनला सोयीची जागा असं सांगते, फक्त व्हॅनची असं नाही. आणि त्यांचं हृदय किती टक्के चालतं, फुप्फुसात किती हवा जाते, हे काचेतून कळत नाही. ज्या माणसाकडे बघून लोकांनी वर्षानुवर्षं तर्क बांधले, त्याने दुसऱ्याकडे बघून तर्क बांधावेत हे मला बरं वाटत नाही. शेजारची ५ फुटांच्या पट्ट्यांची जागा मोकळी असेल तर साध्या गाडीने ती घ्यावी, एवढी अपेक्षा ठेवता येईल. बहुतेकांना दोन्हींतला फरकच ठाऊक नसतो. खरं भांडण त्या बाईंशी नाही. २०० गाड्यांच्या आवारात एकच जागा ठेवायची आणि मग तिच्यावरून दोन आजारी माणसांनी एकमेकांकडे संशयाने बघायचं, ही व्यवस्था ज्या हिशेबातून आली त्याच्याशी आहे.

तरी हा हिशेबसुद्धा कोणी आपणहून दिला नाही. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी इमारतीत हक्कांच्या मागणीसाठी अपंग कार्यकर्ते घुसले आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस तिथून हलले नाहीत. त्यांचं नेतृत्व करणाऱ्यांत ज्युडी ह्यूमन होत्या, स्वतः व्हीलचेअरवर. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांपाशी साठहून अधिक लोकांनी खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि हातांवर, कोपरांवर रांगत ते पायऱ्या चढले. त्याच वर्षी २६ जुलैला थोरल्या बुश यांनी या कायद्यावर सही केली. आम्ही या देशात आलो ते त्यानंतर. आम्हाला पट्टे आयते मिळाले, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार करताना माझा आवाज कधीकधी खाली येतो. नवऱ्याचा येत नाही. तो म्हणतो, जे पायऱ्या चढले ते कार्टसाठी नव्हते चढले.

कायदा सही होऊन बसतो, पण पट्ट्यांवर पहारा द्यायला कोणी येत नाही. आखणी चुकीची असेल तर तक्रार करायची, नाहीतर कोर्टात जायचं. दोन्ही कामं ज्याला जागा लागते त्यानेच करायची.

आपल्या लोकांचं सांगायचं तर गणपतीचं सांगायला हवं. मंडळ दर वर्षी एका शाळेचा हॉल घेतं. आम्ही पोचलो तेव्हा पट्ट्यांवर ढोल-ताशा पथकाची गाडी उभी होती आणि पोरं ढोल उतरवत होती. फेटे बांधलेले, घामाघूम, आनंदात. आम्हाला बघून एकजण धावत आला.

‘काका, पाचच मिनिटं! की तुम्हाला असंच आत नेऊ? आम्ही चौघं आहोत, उचलतो ना!’

‘मला उचलशील रे,’ नवरा म्हणाला, ‘खुर्ची कोण उचलणार? माझ्या दुप्पट वजनाची आहे ती.’

‘मग आणखी दोघांना बोलावतो!’

पोराला खरंच वाटत होतं की प्रश्न ताकदीचा आहे. पाच मिनिटांची वीस झाली, कारण गाडीची किल्ली ज्याच्याकडे होती तो मूर्तीसोबत आत गेला होता. आम्ही गाडीत बसून काचेतून आरती ऐकली. आत गेलो तेव्हा मंत्रपुष्पांजली चालू होती. अध्यक्षीणबाई तीनदा येऊन ‘सॉरी हं, पुढच्या वर्षी नक्की’ म्हणून गेल्या आणि आमच्या हातात प्रसादाचे दोनदोन द्रोण आले. पुढच्या वर्षी ढोलांची गाडी मागच्या दाराला गेली. पट्ट्यांवर तेव्हा केटरिंगवाला होता.

त्या पोराचा ‘उचलतो ना’ मी हसण्यावारी नेत नाही. पुण्याला गेलो की आमचं सगळं चालतं ते याच दोन शब्दांवर. तिथे आम्ही मोटरची खुर्ची नेत नाही, विमानात तिचं काय होईल याची खात्री नसते. जुनी हाताची खुर्ची नेतो आणि मागून रॅम्प असलेली व्हॅन ड्रायव्हरसकट भाड्याने घेतो. मागचा रॅम्प म्हणजे जागा उजवीकडे नको, मागे हवी. कोथरूडला दिराच्या सोसायटीत ठीक होतं. वॉचमन प्लास्टिकची खुर्ची टाकून जागा धरून ठेवायचा आणि आल्याबरोबर बाजूला करायचा. लग्नासाठी कार्यालयात गेलो, व्हॅन रस्त्याकडेला लावली, आणि जेवून बाहेर येतो तो मागे दुचाकी उभ्या, एकीच्या हँडलमध्ये दुसरीचा आरसा अडकलेला. मला न्यू जर्सीची सवय, मी मालक शोधू लागले. ड्रायव्हरने माझ्याकडे नवलाने बघितलं. त्याने आणि पानवाल्याच्या टपरीवरच्या दोघांनी हँडल लॉक असलेल्या गाड्यांची मागची चाकं उचलून उचलून एकेक सरकवली. रॅम्प पडला. कोणी आजीबद्दल बोललं नाही. तो माणूस आता वर कसा जाणार एवढाच प्रश्न सगळ्यांना होता, आणि तो सुटल्यावर ते टपरीकडे परतले.

मला ते आवडलं आणि नवऱ्याला नाही. मला वाटलं, किती सोपं. तो म्हणाला, ‘तुला सोपं वाटलं, कारण लोक हजर होते. रात्री अकराला ये इथे.’ आणि खरंच, एकट्याने पुण्यात कुठे जायचं हा विचारसुद्धा तिथे त्याच्या मनात येत नाही; इथे तो रोज येतो. भारतात नियम नाहीत असंही नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, मार्गदर्शक सूचनांत ३६०० मिलिमीटर रुंदीची जागा आणि ती दारापासून ३० मीटरच्या आत असं लिहिलेलं आहे. पण हे पाळावं की न पाळावं असा घोळ वर्षानुवर्षं चालला. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत. सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करा, असं सरकारला सांगितलं. एका मॉलच्या तळघरात आम्ही तसली रुंद जागा पाहिली. जमिनीवर खुर्चीचं चित्र नव्या रंगात चमकत होतं आणि त्यावर सुरक्षारक्षकाचं टेबल होतं. टेबल त्याने लगेच उचललं, हेही सांगायला हवं.

इकडे हल्ली एक नवीन उत्तर मिळतं, आणि ते फार गोड आवाजात मिळतं. जागा नाही, बरोबर. पण तुम्ही मागवत का नाही? किराणा घरी येतो, औषधं घरी येतात, डॉक्टर स्क्रीनवर येतात. आमच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानाबाहेर गेल्या शरद ऋतूत नवं डांबर घातलं. जुने ८ फुटी पट्टे डांबराखाली गेले आणि वर आखले गेले ते ५ फुटांचे. पाटीवर व्हॅन तशीच राहिली. नवऱ्याने टेप लावून मोजलं, फोटो काढले आणि व्यवस्थापनाला पत्र लिहिलं की नव्याने पट्टे आखताना आजचे नियम लागू होतात, जागा ८ फुटांची असेल तर पट्टेही ८ फुटांचे हवेत. फोन आला. बाई मनापासून बोलत होत्या. म्हणाल्या, दुरुस्ती करू, पण थंडीत रंग धरत नाही, वसंतात बघू. तोवर दुकान औषधं फुकट घरपोच करायला तयार आहे.

‘पण मला तिथे जायला आवडतं,’ नवरा म्हणाला.

बाईंना याचं उत्तर देता आलं नाही, आणि मलाही ते वाक्य ऐकून जरा चमकल्यासारखं झालं. औषधाच्या दुकानात जायला कोणाला आवडतं? पण तो जातो, रांगेत उभ्या लोकांच्या मागे थांबतो, औषध देणाऱ्या गुजराती मुलाशी क्रिकेटवर दहा मिनिटं घालवतो, येताना नको असलेली एखादी चॉकलेटची पट्टी घेऊन येतो. पार्किंगच्या कायद्यात यासाठी शब्द नाही आणि नसावाही. कायद्याने इंच सांभाळावेत, बाकीचं आम्ही बघू.

हिवाळाभर तो आवाराच्या टोकाला तिरपी गाडी लावत राहिला. एक चिठ्ठी आली. एप्रिलमध्ये त्याने दुसरं पत्र पाठवलं, त्यात कलमांचे आकडे घातले. मेमध्ये रंगारी आले, जुने पट्टे काळ्या रंगाने पुसले आणि नवे आखले. टेप लावली तर पूर्ण ८ फूट. फक्त ते जागेच्या डाव्या बाजूला आले, कारण उजवीकडे आता कार्ट ठेवायचा कठडा बसवलाय. आता हा तिथे गाडी रिव्हर्सने आत घालतो. मागे कॅमेरा आहे, त्यामुळे जमतं.